‘पोरीबाळीं’च्या नावाने पेटणारी गावे

मे २०२३ मध्ये, दहा दिवसांच्या अंतराने, दोन ठिकाणी आगी लागल्या. ३ मे रोजी मणिपूर पेटले. १३ मेच्या रात्री आपल्या अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. मणिपूरच्या मुळाशी जमीन आहे, अनुसूचित जमातीच्या दर्जाचा वाद आहे, डोंगर आणि खोरे यांच्यातला जुना ताण आहे. अकोल्यात ठिणगी पडली ती इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुराची.

पण दोन्हीकडे एक धागा सारखा आहे आणि तो बातम्यांत हरवून गेला. मणिपूरमध्ये सुरुवातीलाच एका मृत तरुणीचा फोटो फिरवला गेला, ‘आपल्या मुलीवर त्यांनी अत्याचार केला’ म्हणून. तो फोटो मणिपूरचा नव्हताच, उत्तर भारतातल्या एका वेगळ्याच खुनाच्या प्रकरणातला होता. खुलासा झाला तोवर बदला घेऊन झाला होता. ४ मे रोजी दोन कुकी महिलांची विवस्त्र धिंड काढली गेली आणि देशाला ते कळले १९ जुलैला, व्हिडिओ बाहेर आल्यावर. अकोल्यातला इन्स्टाग्रामवरचा वाद निघाला होता ‘द केरला स्टोरी’ या सिनेमावरून, म्हणजे ‘आपल्या मुलींना ते फूस लावतात’ या गोष्टीवरून. भांडण पुरुषांचे आणि त्याला कारण म्हणून दाखवलेली कुणाची तरी मुलगी. तिला मात्र कुणी काही विचारलेले नसते.

हा योगायोग नाही, असे सांगणारे संशोधन आता बरेच आहे. अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञ व्हॅलेरी हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सेक्स अँड वर्ल्ड पीस’ हे पुस्तक लिहिले. पुढे २०२० मध्ये ‘द फर्स्ट पोलिटिकल ऑर्डर’मध्ये १७६ देशांची माहिती तपासली. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: एखादा देश शांत राहील की हिंसेत बुडेल, हे ओळखायचे असेल तर तो किती श्रीमंत आहे, तिथे निवडणुका होतात का, धर्म कोणता, एवढे पाहून भागत नाही. तिथे लग्न कोण ठरवते, जमीन कोणाच्या नावावर असते, नवऱ्याने बायकोला मारले तर काय होते, हे पाहावे लागते. ज्या समाजात घरातला प्रश्न मारून सुटतो, त्या समाजात गावाचा आणि देशाचा प्रश्नही मारूनच सोडवण्याकडे कल असतो. मुलगा पहिल्यांदा ‘वेगळा माणूस’ पाहतो तो घरातच, आई किंवा बहिणीच्या रूपात. त्या वेगळ्या माणसाशी बोलून मार्ग काढायचा की त्याला दाबायचे, हे तो तिथेच शिकतो.

ही दोन्ही पुस्तके कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली आहेत. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला होता. आपण बाबासाहेबांचे हे लेखन जयंतीच्या भाषणात नावापुरते घेतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

बाबासाहेबांचे म्हणणे असे की जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनाने. पण हे बंधन पाळायचे तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी, आणि मृत्यू काही जोडीने येत नाही. नवरा आधी मेला की गटात एक ‘अतिरिक्त स्त्री’ उरते. तिने बाहेर लग्न केले तर जातीची भिंत फुटते. आत केले तर कुमारिकांच्या वाट्याचा नवरा जातो. म्हणून एकतर तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी मेली तर ‘अतिरिक्त पुरुष’ उरतो. त्याला जाळायचे नाही, कारण तो पुरुष आहे, गटाला हवा आहे. त्याच्यावर संन्यास लादला तर तो पाळला जाईल याची खात्री नाही. मग त्याला बायको आणायची कुठून? लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींतून. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा त्यांनी वेगवेगळ्या ‘कुप्रथा’ म्हणून मोजल्या नाहीत. जातीचे यंत्र चालू ठेवणारे हे तीन सुटे भाग आहेत, असे दाखवले.

जातीची हिंसा आणि बाईवरचा ताबा हे दोन प्रश्न नव्हेत, हे शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मांडून झाले आहे. हडसन आणि त्यांच्या एका सहलेखिकेने २००४ मध्ये चीन आणि भारतातल्या लग्नाविना राहणाऱ्या तरुणांवर पुस्तक लिहिले, तेव्हा ‘अतिरिक्त पुरुष’ हाच विषय फिरून आला. त्यांचा मुद्दा असा की मुली गर्भातच मारल्या की वीस वर्षांनी एक मोठी तरुण पुरुषांची फळी तयार होते. लग्न नाही, जमीन नाही, कामाची शाश्वती नाही. या फळीला कुठलीही सेना, कुठलीही टोळी सहज गोळा करू शकते.

आपल्याकडे हे चित्र परके नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ उरल्या. तेल्हाऱ्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात हा आकडा ८५५ होता. ती मुले आज तरुण झाली आहेत. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, ही तक्रार वऱ्हाडात प्रत्येक पारावर ऐकू येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. कापूस-सोयाबीनचा भाव, नोकरीचा दुष्काळ आणि गर्भात मारलेल्या मुली, या तिन्हींचा हिशेब त्या घोड्यांवर बसून आला होता.

दक्षिण सुदानमध्ये हेच गणित गुरांत मोजले जाते. तिथे लग्नासाठी वधूच्या घरी गुरे द्यावी लागतात. गुरे नाहीत तर लग्न नाही, लग्न नाही तर गावात माणूस म्हणून किंमत नाही. मग दुसऱ्या टोळीची गुरे पळवायची. पळवापळवीत बंदुका येतात, आणि २०१३ पासूनच्या यादवी युद्धात पुढाऱ्यांना हेच बंदूकधारी तरुण आयते मिळाले.

अशा देशांना अभ्यासक ‘नाजूक’ किंवा डळमळीत राज्ये म्हणतात. जिथे सरकारचा हुकूम चालत नाही, पोलिसांवर विश्वास नाही, न्यायालय पोहोचत नाही, तो देश डळमळीत. आपल्या मनात लगेच सोमालिया, अफगाणिस्तान येते. माझे म्हणणे असे आहे की राज्य मंत्रालयात भक्कम आणि गावकुसाबाहेर डळमळीत असू शकते. एकाच तालुक्यात एका घरासाठी पोलीस वीस मिनिटांत येतात आणि दुसऱ्या वस्तीत तक्रार लिहून घ्यायला तीन दिवस लागतात. त्या दुसऱ्या वस्तीपुरते राज्य डळमळीतच असते.

खैरलांजी हे त्याचे आपल्या विदर्भातले उदाहरण आहे. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावाच्या जमावाने ठार केले. भैय्यालाल वाचले आणि २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहतच गेले. आपण या घटनेला दलित अत्याचार म्हणतो, ते बरोबरच आहे. पण सुरेखाताई जमावाच्या निशाण्यावर का आल्या, ते पाहा. त्या शेतातल्या वाटेच्या वादात मागे हटल्या नव्हत्या. मुलीला शिकवत होत्या. आणि सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीत सुरेखा आणि प्रियांका या दोघींनी हल्लेखोरांना ओळखून साक्ष दिली होती. ज्यांच्याविरुद्ध साक्ष दिली ते जामिनावर सुटले त्याच दिवशी हत्याकांड झाले. जमीन न सोडणारी, मुलीला शिकवणारी आणि साक्ष देणारी दलित बाई ही गावाच्या दोन्ही उतरंडी एकाच वेळी मोडत होती.

आणि मग पुढचे अस्त्र निघाले, तिच्या चारित्र्याची कुजबुज. सुरुवातीच्या बातम्यांतही ‘अनैतिक संबंध’ हाच कोन होता. जणू तसे असते तर चौघांना मारणे समजण्यासारखे होते! भंडाऱ्याच्या जलदगती न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले आणि सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशीची २५ वर्षांची जन्मठेप केली. दोन्ही निकालांत अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही, विनयभंगाचे कलमही टिकले नाही. दोन मायलेकींच्या मृत्यूतून कागदावर जातही गेली आणि बाईही गेली. उरला फक्त खून.

त्यानंतर विदर्भभर लोक रस्त्यावर आले. त्या मोर्चांत महिला पुढे होत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण गेला. तक्रार वेळेवर ऐकली असती, दोन साक्षीदार बायकांना संरक्षण दिले असते, तर यातले काहीच घडले नसते. हिंसेची साखळी एका बाईची साक्ष किरकोळ मानण्यापासून सुरू झाली होती.

बायका जात्याच शांत, म्हणून त्यांना पुढे केले की शांती येईल, असे मात्र मी म्हणत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला न्यायालयाच्या इमारतीतच ठार केले. बहुतांश दलित असलेल्या त्या वस्तीने वर्षानुवर्षे त्याचे अत्याचार सोसले होते आणि पोलिसांनी दाद दिली नव्हती. राज्य ज्या वस्तीतून अंग काढून घेते, तिथे बाईच्या हातातही विळा येतो. त्या बायकांचा गौरव करणारे लेख मी वाचले आहेत. मला तो गौरव पटत नाही, आणि त्यांना दोष देणेही जमत नाही.

या संशोधनावर एक रास्त आक्षेप आहे. विषमतेमुळे हिंसा होते की हिंसेमुळे विषमता वाढते? दोन्ही. दंगल झाली की रोजंदारीवरच्या बाईची मजुरी पहिली बुडते, मुलीची शाळा पहिली सुटते, आणि ‘दिवस चांगले नाहीत’ म्हणून तिचे लग्न दोन वर्षे अलीकडे येते. श्रीलंकेचा अनुभवही लक्षात ठेवायला हवा. जगातली पहिली महिला पंतप्रधान १९६० मध्ये तिथेच झाली, मुलींचे शिक्षणही आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. तरी १९८३ ते २००९ असे युद्ध झाले. वरच्या खुर्चीवर एक बाई बसल्याने खालचा सत्तेचा व्यवहार बदलत नाही.

श्रीलंकेचे नाव निघाले, तर म्यानमारचेही घेतले पाहिजे, कारण तो आपल्याला अवघड जाणारा भाग आहे. मे २०१२ मध्ये राखीन प्रांतात एका बौद्ध तरुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. काही दिवसांतच जमावाने एका बसमधून उतरवून दहा मुस्लिमांना मारले, ज्यांचा त्या गुन्ह्याशी संबंध नव्हता. त्यानंतरची होरपळ जगाला ठाऊक आहे. २०१५ मध्ये तिथल्या संसदेने भिक्खूंच्या एका संघटनेच्या दबावाखाली ‘वंश आणि धर्म संरक्षणा’चे चार कायदे केले. त्यातला एक बौद्ध स्त्रीने बौद्धेतर पुरुषाशी करायच्या लग्नावर पहारा ठेवणारा होता. त्याला विरोध करणाऱ्या तिथल्या महिला कार्यकर्त्यांना धमक्या आल्या. आपल्या मुलींचे रक्षण म्हणून सुरू झालेली मोहीम आपल्याच मुलींचे तोंड बंद करून थांबली. चीवर अंगावर असले म्हणून १९१६ च्या निबंधातले यंत्र बंद पडत नाही.

महाराष्ट्रातही त्याची छोटी आवृत्ती आली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती ठेवणारी समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. हेच सरकार आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला ५० हजार रुपये प्रोत्साहनही देते. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने नोंदवही काढायची, असा हा कारभार.

आता आपल्या घराकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांत स्त्री साक्षरता ७४ टक्के होती, सगळ्या देशाची साधारण ६५. हजार पुरुषांमागे आपल्यात ९६५ स्त्रिया, देशात ९४३. ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी चारात एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले आहे, आणि २० ते २४ वयाच्या पाचांत एकीचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. या चारातली एक आणि पाचातली एक आपल्या वस्तीत राहत नाही, असे कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल का?

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात विहारातल्या बैठकीत याच विषयावर बोलत होते. एक विशीतला पोरगा उठला. “ताई, आमच्या पोरीकडं कोनं वाकडं पाह्यलं तं आमी गप नाई बसत.” मी विचारले, तुझ्या बहिणीच्या नावावर शेत किती? तो हसला. “तिले कायले शेत? तिचं लगन झालं ना.” मागे बसलेली त्याची आजी म्हणाली, “हक्कसोडावर मीच अंगठा देल्ला होता बापा, भावासाठी.” बैठकीत थोडा वेळ कुणी बोलले नाही.

मुलीला बापाच्या जमिनीत वाटा मिळावा यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवल्यावर २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे आणि तो वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी तलाठ्याकडे हक्कसोडपत्रे येतच राहतात. बहिणीच्या ‘इज्जती’साठी जीव द्यायला तयार असलेला भाऊ तिला अर्धा एकर द्यायला तयार नसतो. बहिणीच्या हाती जमीन असती तर तिला माहेरी मान खाली घालून यावे लागले नसते, मार खाऊन सासरी राहावे लागले नसते, आणि तिच्या नावाने भांडण करायला कुणाची गरजही उरली नसती.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे मानलेले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि संघाने त्याच्या कुटुंबावर बहिष्काराची व जमीन जप्त करण्याची धमकी दिली. ‘खरा मर्द असशील तर शस्त्र उचल’ अशा दबावाला त्याने नकार दिला. वान धरणाच्या पाण्यावरून आंदोलने पाहिलेल्या आपल्या तालुक्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वर्षावासात ग्रंथवाचन होते तेव्हा हे प्रकरण तरुण मुलांनी वाचावे, आणि त्यावर बोलायला मुलींनाही बसवावे.

कार्यकर्त्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. जातीय तणावाची पहिली खूण बहुधा मुलीच्या छेडछाडीची किंवा साक्षीदार बाईला दिलेल्या धमकीची असते, म्हणून ती तक्रार किरकोळ म्हणून सोडू नका. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातल्या १५-अ कलमाने पीडित आणि साक्षीदारांना संरक्षणाचा, प्रवासखर्चाचा आणि खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. दलित-आदिवासी स्त्रीवरच्या अत्याचाराची कलमेही स्पष्ट झाली आहेत. खैरलांजीच्या वेळी हे नव्हते. आज आहे, पण जामीन अर्जाची सुनावणी लागली की १५-अ खाली पीडितेला नोटीस मिळाली का, हे विचारणारा माणूस कोर्टात हवा. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही हेल्पलाइन आहे. आपल्या वस्तीतल्या बाईने ती फिरवली तर ‘समाजाची बदनामी’ म्हणून तिला गप्प करणारे पहिले आपणच नसावे.

आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्या घरी जाऊन आणल्या जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी आपल्या गावात ती सभा कधी झाली, किती बायका होत्या, कोणते ठराव झाले, याची नक्कल ग्रामसेवकाकडे मागा. पन्नास टक्के महिला सदस्य असलेल्या ग्रामपंचायतीत ती नक्कल मिळायला किती दिवस लागतात, तेही लिहून ठेवा.